भुरीची शिदोरी

बोरी अरबच्या रुखमाबाईनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि पाहायची हौसही धरली नव्हती. एखाद्या वर्षी अडाण नदीला पूर आला की तेवढ्यावर तिचं पाण्याचं कौतुक भागायचं. पण पोटची पोरगी मोनाली नर्स झाली आणि सरकारनं तिला पाठवलं कुठं, तर थेट रत्नागिरीकडं, एका खाडीकाठच्या उपकेंद्रात. "यवतमाळात काय दवाखाने नाईत?" असं रुखमाबाईनं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारून पाहिलं. सरकारच्या वतीनं उत्तर द्यायला कोणी पुढं आलं नाही. मोनाली पेटी घेऊन गेली आणि तेव्हापासून त्या घरात समुद्राचा विषय रोज निघू लागला.

आणि त्याच समुद्रानं एक दिवस तिची पोरगी जवळजवळ नेलीच होती.

झालं असं. मोनालीच्या शेजारी हलिमाबी राहायची. ओहोटी लागली की खाडीत उतरायची आणि चिखलातून तिसऱ्या वेचून आणायची. तिसऱ्या म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या शिंपल्या, आत मांसाचा इवलासा घास. वऱ्हाडातल्या पोरीला त्यांची चटक लावली हलिमाबीनंच. त्या दिवशीही कालवण उतरल्यावर पहिली वाटी तिनं मोनालीकडं नेऊन दिली, घरात कोणी ताट घ्यायच्या आधी. जेवून भांडी घासेपर्यंत मोनालीचे ओठ बधिर झाले. मग जीभ, मग बोटांची टोकं. हे साधं नाही हे नर्सबाईला लगेच कळलं. जीभ वळत होती तोवर तिनं हलिमाबीला हाक मारून सांगितलं, कपाटातली रबरी पिशवी काढ, तिचा मास्क माझ्या तोंडावर धर, दाबत राहा, थांबू नकोस. मग तिचा श्वासच थांबला.

हलिमाबी थांबली नाही. जीपमध्ये बसून पिशवी दाबली, तालुक्याच्या दवाखान्यात उभी राहून दाबली. तिचे हात गळाले तेव्हा तिच्या दोन पोरांनी आळीपाळीनं दाबली, मोठ्या दवाखान्यातलं श्वासाचं यंत्र मिळेपर्यंत. मोनालीला सगळं ऐकू येत होतं, फक्त पापणीसुद्धा हलवता येत नव्हती. हलिमाबी तिला नाव घेऊन हाका मारत होती आणि मधूनमधून स्वतःला शिव्या देत होती. दुसऱ्या दिवशी विष लघवीवाटे निघून गेलं आणि पोरगी होती तशी उठून बसली. अंगावर साधा ओरखडा नव्हता.

डॉक्टरांनी मग सांगितलं की समुद्रात कधीमधी डोळ्यांना न दिसणारं शेवाळ माजतं. तिसऱ्या पाणी गाळून तेच खातात. त्यांचं काही बिघडत नाही, विष मात्र त्यांच्या मांसात साठत जातं. ते शिजवून जात नाही, त्याला वास नाही, चव नाही. हलिमाबीच्या जागी दुसरी कोणी असती तरी तिला कळलं नसतं.

पण हे हलिमाबीला कोण पटवणार? रुखमाबाईनं डोंगरसिंगच्या किराणा दुकानातल्या फोनवरून पोरीला किती वेळा सांगितलं, "तिले दे फोन, मले तिच्याशी दोन शब्द बोलू दे." दर वेळी एकच निरोप यायचा. हलिमाबी म्हणते, मीच वाढलं आणि मीच कुठल्या तोंडानं बोलू? तिनं खाडीत उतरायचं सोडलं नव्हतं, पोट त्याच्यावरच होतं. पण मोनालीच्या दारात वाटी घेऊन येणं तिनं सोडलं होतं.

एवढे मोठे उपकार अंगावर राहिले आणि ते उतरवायला जागा नाही, अशी रुखमाबाईची गत झाली. शेजारच्या मथुराबाईनं सोपा उपाय सांगितला. "अवं, मारुतीले नारळ फोड अन् मोकळी हो."

"पिशवी हलिमाबीनं दाबली," रुखमाबाई म्हणाली, "मंग नारळ मारुतीले कायले?"

छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यापासून तिच्या सासरी नवस बंद होते. सासरा सांगायचा, माणसाचं देणं माणसालेच द्याचं. म्हणायला सोपं होतं. माणूस तिकडं, सातशे-आठशे किलोमीटरवर, आणि फोनवरसुद्धा यायला तयार नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर यायचं आणि कशासाठी यायचं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. लांबलांबचे लोक गाड्या घेऊन यायचे. कोणी गाय द्यायचं, कोणी ब्लँकेट, कोणी नुसता उपदेश. रुखमाबाईचा नवरा देवराव दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कामाला जायचा. कापूस कमी येई तसा तो घरी जास्त बसू लागला होता आणि घरी बसलेला देवराव बोलायचा फार. "आलं थ्ये देऊन राह्यलं," तो म्हणायचा. "आपल्यापाशी मांगण्यासारखं काईच नाई का बाप्पा?"

अशात एके सकाळी यवतमाळच्या एस.टी.तून एक बाई उतरली आणि चक्क मागायलाच आली. तिला कोंबड्या हव्या होत्या.

तिचं नाव सुचित्रा. यवतमाळच्या एका कॉलेजात जीवरसायन शिकवायची. जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला पिशवी, आणि बोलताना समोरच्याला सगळं कळतंय असं धरून चालायची खोड. रत्नागिरीकडच्या ज्या प्रयोगशाळेनं मोनालीच्या ताटातल्या तिसऱ्या तपासल्या होत्या, तिथं सुचित्राची जुनी मैत्रीण मधुवंती काम करायची. मधुवंतीनं मोनालीशी गाठ घालून दिली आणि मोनालीनं आईचा पत्ता दिला.

"तिकडे सध्या तपासणी कशी करतात सांगू?" सुचित्रा ओट्यावर बसत म्हणाली. "तिसऱ्यांचा अर्क काढतात, उंदराला टोचतात आणि उंदीर मरतो का ते बघत बसतात. तेही शहरातल्या प्रयोगशाळेत. निकाल गावात पोचेपर्यंत तिसऱ्या शिजून, खाऊन झालेल्या असतात."

"मंग?"

"मग अशी पट्टी हवी, जी मोनालीला तिच्या टेबलावर लावता येईल. हलिमाबीला दारात लावता येईल."

हलिमाबीचं नाव निघालं आणि रुखमाबाईचे कान टवकारले. तिनं चहाचं आधण ठेवलं, म्हणजे बाईला आता लवकर उठू द्यायचं नाही असं ठरवलं.

सुचित्रानं समजावून सांगितलं. अंगात काही परकं शिरलं की अंग त्याला धरणारे कण तयार करतं, त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. बारीक हातच समजा. ज्याच्यासाठी घडले त्यालाच धरतात, दुसऱ्याला नाही. कोंबडी हे हात अंड्याच्या बलकात भरून ठेवते. तेव्हा कोंबडीला तिसऱ्यांतल्या विषाचा अगदी नखभर अंश द्यायचा, तिला अपाय होणार नाही इतकाच, आणि पुढं तिची अंडी गोळा करायची. कोंबडीला कापायचं नाही, तिचं रक्त काढायचं नाही. अडचण एकच, हे विष फार बारीक. एकटं गेलं तर कोंबडीचं अंग त्याच्याकडं ढुंकून पाहत नाही. म्हणून ते एका मोठ्या प्रथिनाला बांधून टोचायचं.

"समजलं," रुखमाबाई म्हणाली. "लग्नाच्या पंगतीत एकटं पोट्टं घुसलं तं कोनी इचारत नाई. मोठ्या मानसाचं बोट धरून आलं का मंग समदे पायतेत, कोनाचं व्हय म्हून. अन् मंग पुढच्या बारीले एकटं आलं तरी वळखतेत."

सुचित्रा खळखळून हसली आणि हे मी वर्गात सांगणार म्हणाली. मग तिनं खरं दुखणं सांगितलं. कॉलेजात कोंबड्या पाळायला प्राचार्यांनी साफ नकार दिला होता. विद्येच्या मंदिरात आरवणं नको म्हणे. पोल्ट्रीवाल्यांनी काखा वर केल्या होत्या.

"माह्या सहा कोंबड्या हायेत," रुखमाबाई म्हणाली. "समद्या न्या."

"नेत नाही. इथंच ठेवायच्या, तुमच्याजवळ. जनावरांचे डॉक्टर इथंच येऊन टोचतील. पण एक अट आहे. यांची अंडी घरात कोणी खायची नाहीत, विकायची नाहीत."

"माह्या घरचं कोनी बोट लावनार नाई," रुखमाबाई म्हणाली. त्या दिवशी संध्याकाळी तिनं देवरावाला सांगितलं की आपल्याकडं मागणारं माणूस आलं. देवरावाचा विश्वास बसला नाही.

कोंबड्यांच्या पायांत रंगीत दोरे बांधले गेले. डॉक्टर ठरल्या वेळी यायचे, टोचायचे, चहा पिऊन जायचे. पावसाळा सरला, थंडी पडली. सुचित्रा अधूनमधून येऊन प्रत्येकीचं एकेक अंडं न्यायची. एकदा ती येताना एक नमुन्याची पट्टी घेऊन आली आणि तिनं ती रुखमाबाईच्या हातावर ठेवली. आगपेटीच्या काडीहून थोडी लांब, पांढरी.

"वरची रेघ येतेच. पट्टी चांगली आहे एवढंच ती सांगते. बघायची खालची. दोन रेघा आल्या तर तिसऱ्या खुशाल खा. एकच आली तर फेकून द्या."

"उलटंच हाय की वं, बाई! विष असलं तं रेघ याले पायजे."

"खालच्या रेघेच्या जागी आपण थोडं विष चिकटवून ठेवलंय. तिसऱ्यांत विष नसलं तर आपले हात रिकामेच वर चढतात आणि तिथलं विष धरतात, रेघ उमटते. तिसऱ्यांत विष असलं तर हात आधीच भरलेले. मग रेघेपाशी काय धरणार?"

रुखमाबाईनं पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि हे मात्र दोन दिवस डोक्यात घोळवलं. तिसऱ्या दिवशी ती मथुराबाईला तेच समजावून सांगत होती.

माघात निकाल लागला. सहापैकी पाच कोंबड्यांनी बरीवाईट कामगिरी केली होती, पट्टीला न पुरणारी. सहावी मात्र अशी निघाली की सुचित्रा एस.टी.तून उतरून जवळजवळ धावतच आली. ती सहावी म्हणजे भुरी. राखाडी पिसांची, एका डोळ्यानं अधू, शेजारच्या कुत्र्यालाही टोचा मारून पळवणारी, सगळ्यांत भांडकुदळ.

"टोचायचं द्रव्य संपलंय," सुचित्रा म्हणाली. "नवीन मिळायला वर्ष जाईल, कदाचित मिळणारही नाही. आता सगळं भुरीवर आहे. तिची या पाळीची सगळी अंडी मला हवीत. थंडीत ठेवा, मी येऊन नेते."

थंडीची सोय डोंगरसिंगच्या दुकानात होती, थंड पेयांच्या फ्रिजमध्ये. डोंगरसिंगनं खालचा कप्पा मोकळा करून दिला. रुखमाबाई अंडं घेऊन जायची तेव्हा पदराखाली धरून, नव्या नवरीला मिरवत न्यावं तशी जायची.

आणि नेमकी त्याच दिवसांत नंदुरबारकडून बर्ड फ्लूची बातमी आली. टीव्हीवर पांढरे डगले घातलेली माणसं कोंबड्या पोत्यांत भरताना दिसू लागली. बोरीत एकही कोंबडी शिंकली नव्हती, पण गावाच्या तोंडचं पाणी पळालं. मथुराबाईनं आपल्या कोंबड्या मिळेल त्या भावाला फुंकल्या. डोंगरसिंग हात जोडून म्हणाला, "भाभी, गिऱ्हाईक फ्रिजले हात लावून नाई राह्यलं. मले माफ करा, पन हे अंडे घेऊन जा." आणि सुचित्राचा निरोप आला की तपासणी-नाके लागलेत, अंडी घेऊन प्रवास करता येणार नाही, थोडे दिवस कळ काढा.

रुखमाबाई टोपलीत अंडी घेऊन घरी आली. उन्ह चढू लागलं होतं. भुरी आणखी दोनचार अंडी घालून खुडूक झाली, म्हणजे घालणं बंद करून उबवायला बसायचा हट्ट धरू लागली. टोपलीकडं धावायची आणि अंगावर पिसं फुलवायची.

कोंबड्या पाळणाऱ्या बाईचं मन इथं कसं चालतं ते समजून घेतलं पाहिजे. चांगल्या कोंबडीचं अंडं खायचं नसतं, ते बसवायचं असतं. आईनं सांगितलेलं, सासूनं सांगितलेलं, हाताला लागलेलं. चांगली गाय, चांगली शेळी, चांगली कोंबडी, वाण टिकवायचा तर बी राखावं लागतं. भुरी एकटी. उद्या मुंगसानं नेली, परवा पांढरे डगलेवाले आले, तर काय? एका भुरीवर सगळं सोडायचं, की दहा भुऱ्या करून ठेवायच्या? रुखमाबाईला यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. तिनं टोपलीत गवत घातलं, सगळी अंडी मांडली आणि भुरीला वर बसवलं. बसवताना ती मनात म्हणाली, "हलिमाबी, तुह्यासाठी एक नाई, दहा देतो."

आठवड्याभरानं तिनं अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या उजेडापुढं एकेक अंडं धरून पाहिलं, रीतीप्रमाणे. ज्यांत शिरांचं जाळं धरलं होतं ती परत ठेवली. पाच अंडी नुसतीच स्वच्छ दिसली, त्यांत जीव धरलाच नव्हता. अशी अंडी एरवी घरात खाऊन टाकतात. पण ही भुरीची, खायची नाहीत असं कबूल केलेलं. उकिरड्यावर टाकायला हात होईना, कारण मनानं ती दुसऱ्याला देऊन झाली होती. शेवटी तिनं ती रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवली आणि पिल्लांच्या नादात विसरून गेली.

साथीचा बोभाटा ओसरल्यावर सुचित्रा आली. हातात बर्फाचा डबा, चेहऱ्यावर इतक्या दिवसांची घाई. रुखमाबाई तिची वाटच पाहत होती. तिनं मोठ्या थाटात टोपली उचलली. भुरीच्या पोटाखालून सात पिल्लं चिवचिवत बाहेर पडली, त्यातली तीन अगदी राखाडी.

"घ्या, म्याडम," ती म्हणाली. "एक मांगतली होती, सात भुऱ्या देल्या."

सुचित्रा पिल्लांकडं पाहत राहिली. मग तिनं डबा खाली ठेवला आणि बाजेवर बसली.

"अंडी?"

"हेच तं अंडे व्हय."

"रुखमाबाई," सुचित्रा हळू आवाजात म्हणाली, "सगळं गेलं हो."

सुचित्रा चिडली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं चष्मा काढून पुसला आणि सांगितलं. हे हात वाणानं उतरत नाहीत. भुरीनं ते स्वतः घडवले, टोचून घेऊन. पिल्लाला ती बलकातून थोडे देते, लांबच्या प्रवासाला शिदोरी बांधून द्यावी तसे. पिल्लू ते महिनाभर वापरतं आणि मग ती शिदोरी संपते. पुढं त्याचं त्यानं मिळवायचं. ही सात पिल्लं मोठी होतील, अंडी घालतील, पण त्या अंड्यांत काही नसेल. आणि भुरी आता पिल्लांत रमली, पुन्हा अंड्यावर येईपर्यंत तिच्याही अंगातलं ओसरत जाईल. टोचायला द्रव्य नाही.

"मंग पट्टी?"

"यंदा नाही. पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही."

देवराव ओट्यावर बसून ऐकत होता. तो उठून आत गेला, बायकोची मान खाली गेलेली त्याला पाहवेना. रुखमाबाईला हलिमाबी दिसत होती, जिला तिनं कधी पाहिलंच नव्हतं. खाडीत वाकलेली, टोपली भरत असलेली. यंदाही ती अंदाजानंच शिजवणार. तिची माणसं अंदाजानंच जेवणार. आणि हे आपल्या हातून झालं, चांगलं करायला गेलो म्हणून झालं, या विचारानं तिला रडू फुटलं. पिल्लं तेवढी सुचित्राच्या चपलेवर चढत होती.

सुचित्रा उठली, डबा उचलला. जाता जाता तिला पाणी तरी द्यावं म्हणून रुखमाबाई रांजणाकडं गेली. वाकून पेला भरताना तिची नजर ओल्या वाळूवर पडली.

"म्याडम," ती शरमून म्हणाली, "पाच अंडे हायेत. पन कामाचे नाईत. आठ दिवस कोंबडीखाली तापलेले. जीव धरला नाई म्हून काढून ठेवले."

सुचित्रानं पेला घेतलाच नाही. "भुरीचीच?"

"भुरीचेच. पन तापलेले हायेत वं, बाई, नासले असतीन."

सुचित्रा वाळूत हात घालून बसली होती. कॉलेजातली प्राध्यापक बाई, साडीचा काठ चिखलात, आणि दोन्ही हातांनी वाळू उकरत होती. "अहो, उबेनं काय होणार त्याला?" ती म्हणाली. "एकवीस दिवस आईच्या उबेत पिल्लासाठी टिकावं, म्हणूनच तर ते बनलेलं असतं. आणि बरं झालं जीव धरला नाही, सगळी शिदोरी जागच्या जागी असेल. तुम्ही टाकली का नाहीत ही?"

"दुसऱ्याची चीज. कशी टाकनार?"

सुचित्रानं आपले वाळूचे हात तसेच रुखमाबाईच्या खांद्यांवर ठेवले आणि तिला जवळ घेतलं. "तुमचे उपकार," ती म्हणाली. रुखमाबाईला यात आपण उपकार केले की घोटाळा, हे कळेना. तिनं नव्यानं चहाचं आधण ठेवलं.

पाचांतलं एक नासलेलं निघालं. चार चांगली होती. एका बलकात शेकडो पट्ट्यांना पुरतील इतके हात निघतात, असा निरोप डोंगरसिंगच्या फोनवर आला तेव्हा रुखमाबाईच्या जिवात जीव आला आणि तिनं दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांना, मागितलं नसतानाही, प्रतिपिंडं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. देवराव तर दिग्रसच्या जिनिंगमध्ये सांगत सुटला की समुद्रवाल्यांनी आपल्याकडून मागून नेलं.

पट्ट्या व्हायला पावसाळा गेला. दिवाळीनंतर मोनालीच्या उपकेंद्रात पहिलं पाकीट पोचलं. मोनालीनं सांगितलं की हलिमाबी टोपलीतल्या चार तिसऱ्या दारात ठेवून बाहेरच थांबते, आत येत नाही. मी त्या ठेचते, अर्क काढते, पट्टी लावते आणि खिडकीतून दोन बोटं दाखवते. दोन रेघा. मग ती जाते. रोज दोन रेघा. "पट्टी खरंच काम करून राह्यली का नाई, कोन जाने," असं मोनाली एकदा म्हणाली आणि रुखमाबाईला तो आठवडा गोड लागला नाही.

एका दुपारी डोंगरसिंगचं पोरगं हाक मारत आलं. रुखमाबाई चुलीवरची भाकर तशीच टाकून दुकानात पळाली.

"आई," मोनालीचा श्वास चढला होता. "आज एकच रेघ आली."

"पट्टी खराब असन वं."

"दुसरी लावली, तिसरी लावली. वरची येते, खालची नाई. एकच."

"कोनाच्या तिसऱ्या?"

"हलिमाबीच्याच. तिच्या सुनेच्या माहेरचे पाव्हने आलते. मोठ्ठी कढई चढवून ठेवली होती तिनं, लेकराबाळांसकट समदं घर जेवाले बसनार होतं. म्या खिडकीतून एक बोट दाखवलं अन् तिनं कढई खड्ड्यात वतली, आई. वाडीभर सांगत गेली. कोनी जेवलं नाई. मधुवंतीम्याडमच्या लोकांनी नमुना नेला. थांब. कोनीतरी बोलतो म्हनते."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. मग तिकडून नुसता श्वास ऐकू येऊ लागला, खोल, जरा धाप लागलेला. रुखमाबाईनं दोन वर्षं एक भाषण पाठ करून ठेवलं होतं. माही पोरगी तुमी वाचवली, तुमच्या हाताचे उपकार मी सात पिढ्या इसरनार नाई, असं त्याचं तोंड होतं. भांडी घासताना, सरपण फोडताना तिनं ते म्हणून पाहिलं होतं. आता त्यातला एकही शब्द सापडेना. ती फोन कानाला घट्ट धरून उभी राहिली आणि डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. डोंगरसिंगनं फोनसाठी थांबलेल्या गिऱ्हाइकाला हातानंच मागं जायला सांगितलं.

"बाय," शेवटी तिकडून हलिमाबी म्हणाली. आवाज रडून बसलेला होता. "बाय, तुझी कोंबडी बरी आहे ना?"

"बरी हाय," रुखमाबाई म्हणाली. "अंड्यावर बसली हाय. या बारीले म्याडमले इचारून बसू देलं तिले."